तीन निजले, एक जागा

मिस्त्री टेकडी चढताना कधी दमत नसत, उतरताना दमत. कारण विचारलं की म्हणत, "वर काम असतं. खाली काय, घर."

काकू आतून ऐकायच्या. "घर म्हणजे काय मग, धर्मशाळा?"

"धर्मशाळेत एवढं बोलत नाहीत," मिस्त्री म्हणायचे.

टेकडी शहराच्या मधोमध आहे. शहर नंतर आलं आणि तिच्याभोवती बसलं. शाळेत असताना माणूस एकदा सहलीला वर जातो, मग थेट घरी पाहुणे आले की. मीही तसाच. एम.ए. झालो, साहित्य विषय घेऊन, आणि दीड वर्ष घरी बसलो. मग वरच्या अवशेषांसाठी माहितीचे फलक लिहायचं काम मिळालं. एकोणीस फलक, प्रत्येकी साठ शब्द. अवशेषांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम टिपणं देणार, मी ती सोपी करायची. "लोकांना थांबून वाचावंसं वाटलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या होत्या.

पहिल्या दिवशी वर गेलो तर एक माणूस भिंतीशी उकिडवा बसून फटीतलं गवत उपटत होता. साठीला आलेला, काटकुळा, पोटऱ्या दोरखंडासारख्या. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गवत दिसायला गरीब. पण मुळं घालतं आणि भिंत फोडतं. नातेवाइकांसारखं."

ते मिस्त्री. बावीस वर्षं टेकडीवर दगडकाम करत होते. माझ्या हातातले कागद बघून त्यांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. मी शिक्षक नाही, हे सांगून उपयोग झाला नाही.

मॅडमच्या टिपणांत टेकडीचे पाच कालखंड होते. मिस्त्रींचेही पाच होते, पण त्यांची नावं वेगळी. अगदी तळाला मोठाले, चुना न लावता रचलेले दगड. ते पणजोबा. त्यावर घडीव दगडांची तटबंदी, ती आजोबा. तिच्यावर पातळ विटांच्या महालाचे उरलेसुरले कोपरे. त्या सासूबाई. "वरून नाजूक. पण हलवून दाखव." परक्या फौजेनं येऊन बांधलेला तोफांचा चौथरा म्हणजे जावई. "मागून आला, आणि सगळ्यात चांगली जागा त्याची." शेवटी फोन कंपनीचा मनोरा. तो भाडेकरू. "दर वर्षी जाणार जाणार म्हणतो."

मॅडमची बावीस पानं मला दोनदा वाचावी लागली होती. मिस्त्रींचं एकदाच ऐकलं, अजून पाठ आहे.

दुपारी आम्ही जावयावर बसून डबा खायचो. खाली सगळं शहर. गाड्यांचा आवाज वर येईपर्यंत नदीसारखा व्हायचा. मिस्त्री बोट करून दाखवायचे. ते पिवळं दिसतंय ते इस्पितळ, त्याचा मागचा जिना माझा. ती शाळा, तिचं कुंपण माझं. तो पूल माझा नाही, पण पुलाखालच्या पायऱ्या माझ्या. हे सगळं टेकडीवर येण्याआधीचं. आपलं घर ते दाखवत नसत. "पत्रे सगळ्यांचे सारखेच," म्हणायचे.

सातव्या क्रमांकाचा फलक पूर्वेकडच्या भिंतीचा होता. अकरा पावलांचा तुकडा. मॅडमचा सगळ्यात जीव त्या तुकड्यावर. तिथे दगड एका ठरावीक पद्धतीनं बसवले होते. तीन आडवे, एक उभा, पुन्हा तीन आडवे. टेकडीवर दुसरीकडे कुठेच तसं नाही. मॅडमनी त्यावरून असा निष्कर्ष काढला होता की हा तुकडा पणजोबांच्याही आधीचा. परदेशात जाऊन त्यांनी त्यावर निबंध वाचला होता.

मी त्या फलकावर चार दिवस घालवले. लिहिलं ते असं : टेकडीवरचा हा सर्वांत जुना भाग. तीन दगड आडवे, एक उभा, ही रचना इतरत्र कुठेही आढळत नाही. ज्या हातांनी ती साधली त्यांची नावं काळानं पुसून टाकली. उरली आहे ती त्यांची शांत, अचूक स्मृती.

"शांत, अचूक" या दोन शब्दांवर मी खूश होतो.

फलक बसवला त्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "वाच की. मला अक्षरं येतात, पण ओळखीची असली तरच."

मी वाचला. ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले. डोळे पुसले.

"काय झालं?"

"काही नाही. छान लिहिलंस. हातांची नावं पुसली. वा."

मला ते कौतुक वाटलं.

त्या वर्षअखेरीला पुरातत्त्व खात्याचा हुकूम निघाला. पुढच्या पहिल्या तारखेपासून टेकडीची देखभाल ठेकेदाराकडे जाणार. वर दहा वर्षं सलग काम केल्याचा पुरावा असेल त्याला कायम करणार. ज्याच्याकडे नसेल त्याचं काम बंद. मिस्त्री तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. शहरातल्या इमारतींवर त्यांना आता कोण घेणार? परांचीवर चढून काम करायचं वय गेलं होतं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. टेकडीवर मात्र ते बोटांनी काम करायचे, डोळे नसते तरी चाललं असतं.

पुरावा नव्हता. मुकादमानं त्यांना घेतलं तेव्हा एक मजूर नुकताच पळून गेला होता. नवं नाव लावायचं म्हणजे वरून मंजुरी. म्हणून मुकादमानं त्या पळालेल्या माणसाच्या जागी यांना उभं केलं. हजेरी त्याच्या नावानं. नंतर बदलू, नंतर बदलू करत मुकादम निवृत्त झाला, आणि मग वारला.

"बावीस वर्षं मी दुसराच कुणीतरी आहे," मिस्त्री म्हणाले. "बायको तेवढी माझ्या नावावर."

"ती चूक मलाच निस्तरायचीय," काकू म्हणाल्या.

अर्ज लिहायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे उघडी मोरी. हात धुवायला मागे गेलो. मोरीला कमरेएवढी दगडी भिंत होती, साबणाच्या पाण्यानं पांढरी पडलेली. वर घासणी वाळत टाकलेली.

तीन आडवे, एक उभा. तीन आडवे, एक उभा.

मी ओले हात तसेच घेऊन उभा राहिलो. काकूंनी हाक मारली. मी आलो नाही तेव्हा मिस्त्री मागे आले. मी कुठे बघतोय ते त्यांनी बघितलं.

"बारा वर्षं झाली," ते म्हणाले. "मोठ्या पावसात पूर्वेकडची भिंत कोसळली. अकरा पावलं. मुकादमाला महिनाभर आधी भेगा दाखवल्या होत्या मी. त्यानं वर कळवलं नव्हतं. तपासणीला वीस दिवस होते. रडायला लागला माझ्यापुढे. म्हणाला, असं बांध की देवालाही कळता कामा नये."

नियम असा आहे, की जुन्या भिंतीत नवं काम केलं तर ते दोन बोटं आत घ्यायचं. म्हणजे बघणाऱ्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते समजतं. मिस्त्रींनी ते बाहेरच्या रेषेत घेतलं. दगड तेच, उतारावर पडलेले. चुना नाहीच. दोन मजूर हाताखाली. एकोणीस दिवसांत भिंत उभी केली. त्यातला एक मजूर पुढे परगावी गेला, दुसरा या जगात नाही.

"मग हे तीन आणि एक?"

मिस्त्री ओशाळले. "ते चुकून झालं. हाताला सवय. बाप म्हणायचा, तीन निजले की एक जागा ठेवायचा. उभा दगड भिंतीच्या पोटात खोल जातो, बाकीच्यांना धरून ठेवतो. सगळेच झोपले तर घर कोण राखणार? मी बांधताना विचारच केला नाही. शेवटच्या दिवशी लांबून बघितलं तेव्हा दिसलं. म्हटलं, मेलो. पण तपासणीवाल्यांना काही दिसलं नाही. मग चार वर्षांनी मॅडम आल्या, आणि त्यांना दिसलं."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला? त्या भिंतीसमोर उभ्या राहून रडत होत्या. आनंदानं. मी तिथेच गवत काढत होतो."

मला त्या क्षणी सगळं सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, याहून मोठा पुरावा कुठला? बारा वर्षांपूर्वी तुम्ही वर होतात, हे भिंतच सांगते. हातच्या काकणाला आरसा कशाला? सुनावणीत त्यांना तिथे न्या. मोरीचा फोटो दाखवा. खरं सांगा.

काकू दारात उभ्या होत्या. "मास्तर, भिंतीला कान असतात, तोंड नसतं. ती काही यांच्या बाजूनं बोलायची नाही." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाल्या, "गेटचं काम सांगा, वरच्या पायऱ्या सांगा. गेटवाला होय म्हणेल. त्या भिंतीचं नाव काढू नका. लहान माणसानं मोठं सांगितलं की मोठ्यांना राग येतो."

"पायऱ्यांना पुरावा कोण मानतं, काकू?" मी म्हणालो. "आणि हे खोटं थोडंच आहे?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिकलेला आहे तो."

सुनावणी वरच झाली. साहेब दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. धापा टाकत चढले. मागून खुर्ची आली, खुर्चीमागून कारकून. मॅडमना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. गेटवाल्यानं सांगितलं, मिस्त्रींना मी रोज बघतो. साहेब म्हणाले, तोंडओळख आहे, पुढे आणखी काही? त्यांचा सूर वाईट नव्हता. आज मला वाटतं, आणखी दोन माणसं होय म्हणाली असती तर ते जमलं असतं.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, पूर्वेकडची भिंत मी बांधली."

आम्ही सगळे भिंतीपाशी गेलो. साहेबांनी भिंत बघितली, मग माझा फलक वाचला. सावकाश, मोठ्यांदा. "नावं काळानं पुसून टाकली," इथे थांबून त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. कारकून हसला.

मी मोरीचा फोटो पुढे केला.

"मग काय झालं," साहेब म्हणाले. "इथली बघितली, घरी बांधली."

"साहेब, मोरी आधीची आहे," मिस्त्री म्हणाले. "तीस वर्षं झाली."

"कशावरून?"

"थोरली तेव्हा रांगत होती. ओल्या दगडावर पडली, कपाळाला खोक पडली."

"तिचं रांगणं कुठे नोंदवलंय?"

या वेळी कारकून मोठ्यानं हसला. मिस्त्रीही हसले, सवयीनं.

मग साहेब हसायचे थांबले. "हे बघा. ही भिंत तुम्ही बांधली नसेल, तर तुम्ही मला खोटं सांगताय, आणि सगळा अर्जच खोटा. आणि बांधली असेल, तर संरक्षित वास्तूत फेरफार करून तो लपवलात. तो गुन्हा आहे. मला पोलिसांना कळवावं लागेल. आणि भिंत उतरवावी लागेल. आता सांगा, काय लिहू?"

मी मॅडमकडे बघितलं. त्या भिंतीजवळ गेल्या होत्या. एका उभ्या दगडाच्या बाजूच्या फटीत त्यांनी बोट घातलं. बोट बरंच आत गेलं, जुन्या भिंतीत साचते तशी माती आत नव्हती. त्यांनी ते काढलं, बोटाकडे बघितलं, रुमालाला पुसलं. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगेन, त्यांना कळलं होतं.

"मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"असं नुसतं बघून काही सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "अभ्यास करावा लागेल."

खाली कुठल्या तरी शाळेची घंटा झाली. मी बोलायला हवं होतं. मी मोरीचा फोटो खिशात ठेवला.

"नाही साहेब," मिस्त्री म्हणाले. "मी नाही बांधली. बोलण्याच्या भरात बोलून गेलो."

कारकुनानं लिहून घेतलं. मिस्त्रींनी एकेक अक्षर जुळवत सही केली. स्वतःच्या नावानं.

उतरताना मी त्यांच्या मागे होतो. अर्ध्या वाटेवर विचारलं, "ते भिंत पाडतील म्हणून नाही म्हणालात?"

ते थांबले. एका पायरीवर बसले. "भिंतीचं काय घेऊन बसलास. घाबरलो. पोलीस म्हणाले ना ते." श्वास खाली बसल्यावर म्हणाले, "पुस्तकं कमी वाचत जा, मास्तर."

घरी काकूंना सांगितलं. त्यांनी पाणी आणून दिलं, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पहिल्या तारखेपासून टेकडीवर ठेकेदाराची माणसं आली. सगळ्यांना एकसारखी हिरवी जाकिटं. मिस्त्री त्या सकाळीही नेहमीच्या वेळी उठले, डबा घेतला, गेटपर्यंत गेले. गेटवाला म्हणाला, "तिकीट काढून जा की, काका. मी कुठे अडवतोय." ते परत आले. डबा घरीच खाल्ला.

मग एका फरशीवाल्याकडे गेले. फरशीचं काम गुडघ्यांवर बसून असतं. तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी फरशीवाल्यानंच सांगितलं, बाबा, तुम्ही एक लादी बसवायला अर्धा तास घेता, गिऱ्हाईक ओरडतं. मिस्त्री म्हणाले, "ती हलणार नाही पण." फरशीवाला म्हणाला, "पाच वर्षांनी ते सगळी फरशीच बदलतात. कशाला पाहिजे न हललेली?"

ही गोष्ट मिस्त्रींनी मला विनोद म्हणून सांगितली. मी हसलो नाही म्हणून रागावले.

मी मॅडमना भेटलो. फलक बदला, म्हणालो. निदान "सर्वांत जुना" काढा. त्यांच्या टेबलावर त्या तुकड्याचा मोठा फोटो होता. त्यांनी तो सरळ केला. मग म्हणाल्या, "माझी आठ वर्षं आहेत यात. तू लिहितोस चांगलं. दुसऱ्या एका ठिकाणचे तीस फलक करायचेत. करशील?"

मी ते काम घेतलं. ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितलेली नाही. काकूंना बहुतेक माहीत आहे.

खात्याचं पत्र दोन महिन्यांनी आलं. मिस्त्रींनी निरोप पाठवला, येऊन वाचून दाखव. मी गेलो तेव्हा ते खाटेवर बसले होते, दाढी केलेली, शर्ट धुतलेला. पाकीट फोडलेलं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात होत्या, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

"सुनावणी झाली तेव्हा मी भिंतीचं नाही म्हणालो," मिस्त्री म्हणाले. "पण गेटचं काम, पायऱ्या, ते तर राहतंच की नाही? गेटवाला बोलला होता. त्यावरून काही करतील."

मी पाकीट फोडलं आणि वाचलं.

"आपल्या अर्जासंदर्भात झालेल्या सुनावणीत, टेकडीवर आपण कोणतेही बांधकाम केले नसल्याचे आपण स्वतः लेखी मान्य केले आहे. सबब, आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

"मी कुठे सबब सांगितली?" मिस्त्री म्हणाले.

"इथे सबब म्हणजे म्हणून."

"आणि मी भिंतीचं नाही म्हणालो होतो. एका भिंतीचं."

"हो."

"यात कोणतेही लिहिलंय?"

"हो."

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. चांगल्या डोळ्याजवळ नेलं. ओळींवरून अंगठा फिरवला, दगडावरून फिरवायचे तसा. मग परत दिलं.

"निकाली काढला म्हणजे निकाल लागला ना?"

"लागला."

"कुणाच्या बाजूनं?"

मी साहित्य शिकलोय. मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सापडला नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते.

"परत वाच," मिस्त्री म्हणाले. "घाई करतोस तू. सावकाश वाच."

मी परत वाचलं. शब्दाशब्दाला थांबून वाचलं. दोन वाक्यांचं पत्र माणूस सावकाश तरी किती वाचणार.